अ‍ॅनिमॉसिटी: मुळात शिवी नव्हे, शाबासकी

प्रश्न असा: 'अ‍ॅनिमॉसिटी म्हणजे नेमकं काय? एन्मिटीपेक्षा ती वेगळी कशी?'

वैरभाव, आकस हे अर्थ कुठल्याही कोशात मिळतील, त्यात वेळ घालवत नाही. पण दोघांचं एखाद्या मुद्द्यावर पटलं नाही की लगेच 'त्यांच्यात अ‍ॅनिमॉसिटी आहे' म्हणतात, ते ऐकून कान किटले. अहो, तो साधा मतभेद! अ‍ॅनिमॉसिटीला आत धग लागते.

आता खरी गंमत. लॅटिनमध्ये 'अनिमस' म्हणजे मन, हिंमत. त्याला 'ने भरलेला' या अर्थाचा प्रत्यय लागून 'अनिमोसुस' झाला: छातीत दम असलेला, धाडसी. पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो शौर्य, तडफ हाच अर्थ घेऊन. वैराचा अर्थ त्याला १६०० च्या सुमारास चिकटला.

इथे काही उत्साही मंडळी 'अनिमस म्हणजे आपलं मनस्च!' असं ठोकून देतात. साफ चूक. मनस् चा लॅटिन भाऊबंद 'मेन्स', ज्यावरून 'मेंटल' आला. अनिमसचं नातं आहे 'अन्' म्हणजे श्वास घेणे या धातूशी. प्राण, अपान, अनिल ही सगळी त्याच घरातली. 'अ‍ॅनिमल'सुद्धा श्वास घेणारा म्हणून त्याच कुळातला. अ‍ॅनिमॉसिटी म्हणजे जनावरपणा, असं मात्र कृपा करून कुणाला शिकवू नका.

आणि आपल्याकडे? 'वैर' हा शब्द 'वीर' वरूनच साधला आहे! एकमेकांना न विचारता दोन भाषा शौर्यावरून घसरून शत्रुत्वात पडल्या. मला तर वाटतं, हे व्हायचंच होतं. समोर कुणी नसेल तर पराक्रम दाखवायचा कुणावर? कोणी याला योगायोग म्हणेल, म्हणो.

अ‍ॅनिमॉसिटीला 'वैमनस्य' हा प्रतिशब्द सर्रास देतात, तोही मला पटत नाही. वैमनस्य 'विमनस्' वरून आलं. संस्कृतात त्याचा अर्थ खिन्नता. तिथे मन उतरलेलं, फिरलेलं असतं, इथे ते काठोकाठ भरून उसळत असतं. त्यापेक्षा आपली रांगडी 'खुन्नस' किती जवळची! पण छापील मजकुरात ती लिहायला लोक लाजतात.

हो, एन्मिटी राहिलीच. ती 'इनिमिकस' वरून, म्हणजे जो मित्र नाही तो. आपला 'अमित्र' अगदी याच घडणीचा. एन्मिटी नातं सांगते, अ‍ॅनिमॉसिटी मनातली आग. दोन घराण्यांत पिढीजात एन्मिटी असेल आणि आजच्या नातवंडांच्या मनात अ‍ॅनिमॉसिटी औषधालाही नसेल. आणि उच्चार 'एन्मिटी' आहे. 'एनेमी' डोक्यात ठेवून 'एनिमिटी' म्हणू नका.