कोयनेचा आकडा

संशोधनाच्या पहिल्याच महिन्यात चाळीस पेपर डाउनलोड केलेस, छान. वाचलेस किती? सारांश नव्हे, पद्धत आणि तक्ते म्हणतोय मी.

११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप घे. एका पेपरात त्याची महत्ता (मॅग्निट्यूड) ६.३ सापडेल, दुसऱ्यात ६.५. लगेच ‘कुणीतरी चुकलंय’ म्हणून मोकळा होऊ नकोस. पुष्कळदा महत्ता मोजायची मोजपट्टीच वेगळी असते. मी सुरुवातीला सगळे आकडे एकाच रकान्यात कोंबले होते. आलेख बघून गाइडांनी हातातला चहा खाली ठेवला! तेव्हापासून वहीत आकड्याशेजारी मोजपट्टी आणि पान क्रमांक लिहितो. एक्सेलवर माझा अजून भरवसा नाही, ते सोड.

आणि शब्द जपून वापर. शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी साठायला लागल्यावर धक्के वाढले, हे निरीक्षण. पाण्याचं वजन आणि खडकांच्या भेगांतला वाढता दाब, हे स्पष्टीकरण. खडकात ताण आधीपासून होताच, म्हणून जाणकार ‘धरणाने भूकंप घडवला’ असं न लिहिता ‘जलाशयामुळे चालना मिळाली’ लिहितात. तुझ्या मसुद्यात ‘धरणाने भूकंप घडवला’ हे वाक्य तीनदा आलंय. ते आधी खोड, मग पाठव.