दारात खडी टाकायचीय, पण कुठली?

प्रश्न: डिचोलीजवळ घर आहे. गेटपासून पोर्चपर्यंत साधारण १५ मीटर लांब, ३ मीटर रुंद मातीची वाट, पावसात नुसता लाल चिखल. गेल्या मे महिन्यात दोन टेम्पो गोल गुळगुळीत गोटे आणून पसरले, दिसायला झकास, पण चवथ (गणेश चतुर्थी) येईपर्यंत अर्धे गडप आणि उरलेले गेटबाहेर. शेजारी म्हणतात सरळ काँक्रीट कर, मला मात्र पाणी मुरायला हवंय, विहीर आहे ना. काय चुकलं?

उत्तर: गोटे चुकले, पण ती दुसरी चूक. पहिली म्हणजे ते थेट मातीवर टाकले. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि ही लाल माती एकदा भिजली की वरून गाडी गेली की दगड खाली आणि चिखल वर. तुमचे गडप झालेले गोटे कुठे पळाले नाहीत, खणलंत की सापडतील.

तर आता २० सेंटीमीटर खणा, तळ दाबून घ्या, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी खाली जाऊ देतं, पण माती आणि खडी मिसळू देत नाही). प्लास्टिक किंवा ताडपत्री नको हां, पाणी अडून राहतं आणि खडी वर घसरत बसते. मग ४० मिलीमीटरची खडी १५ सेंटीमीटर, एकदम नाही, दोन थरांत, प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून (भाड्याने मिळतो). कंत्राटदार म्हणेल भरपूर चुरी (दगडाचा बारीक चुरा) घालूया, घट्ट बसेल. बसतं खरं, पण पाणी मुरायचं कमी होतं, म्हणून तुमच्याकडे मी अगदी थोडी घालीन. वर २० मिलीमीटरची काळी क्रशरची खडी, फक्त ५ सेंटीमीटर, हौसेने जास्त घातली की चाक रुतणारच. ही खडी कोनाकोनांची असते, एकमेकींत अडकून बसते, गोट्यांना कोपरेच नाहीत तर अडकणार कुठे?

हिशेब केला तर खालच्याला पावणेसात घनमीटर, वरच्याला सव्वादोन, दाबल्यावर बसते म्हणून ८ आणि अडीच मागवा. कोणी ब्रासमध्ये भाव सांगितला तर १ ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर.

दोन्ही कडांना चिरे पुरा, नाहीतर खडी हळूहळू फुलझाडांत जाते. वाट मधे चार-पाच सेंटीमीटर उंच ठेवा म्हणजे पाणी बाजूला उतरेल, आणि छपराच्या पागोळ्या वाटेवर पडत असतील तर आधी पन्हळ लावा, ती धार एका पावसात चर पाडते. गेटजवळचा शेवटचा दीड मीटर मात्र काँक्रीट किंवा चिऱ्यांचाच करा, रस्त्यावर आलेल्या खडीवर स्कूटर घसरते आणि सरकतं गेट असेल तर रुळात दगड अडकून वेगळाच ताप.

प्रश्न: दर पावसाळ्यात खडीतून गवत वर येतं. मीठ टाकलं तर चालेल? (पेडणे)

उत्तर: माडाला मीठ घालतात म्हणून तुम्हाला सुचलं असेल, पण माड सोसतो ते जास्वंद, अबोली सोसत नाहीत, शिवाय पहिल्याच सरीत ते विरघळून कुठे जाईल सांगता येत नाही, विहिरीतही. गवत बहुतेक वेळा खालून येतच नाही, वर पडलेला पाला खडीत कुजतो, त्याची माती होते आणि त्यात बी रुजतं. म्हणून पाला झाडत राहा, महिन्यातून एकदा दाताळं फिरवा, कोवळं गवत ओल्या दिवसांत हाताने सहज उपटतं. फटीतल्या चिवट झुडपांवर उकळतं पाणी ओता, चप्पल घालून.

प्रश्न: खड्डा पडलाय, वरून खडी ओतली की झालं ना? (फोंडा)

उत्तर: झालं नाही, महिन्याभरात परत पडेल. वरची खडी बाजूला ओढा, खालचा थर खोदून मोकळा करा, ४० मिलीमीटरची भरून ठोकून दाबा, मग वरची परत पसरा. आणि पाणी तिथेच का साचतंय ते पाऊस चालू असताना छत्री घेऊन उभं राहून बघा.