टॉलस्टॉयच्या मते इतिहास कुणाच्याच हातात नसेल, तर ‘युद्ध आणि शांती’तल्या माणसांच्या निर्णयांना काय अर्थ उरतो?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १८१२चं फ्रान्स-रशिया युद्ध नेपोलियनमुळे झालं नाही, राजा हा इतिहासाचा गुलाम असतो, लढाया हुकमांनी जिंकल्या जात नाहीत, असं टॉलस्टॉय या कादंबरीत सतत बजावतो. मग नताशाने काय ठरवलं आणि पियेरने काय ठरवलं हे हजारभर पानं कशासाठी वाचायचं? आणि शेवटचं तत्त्वचिंतन वगळलं तर बिघडतं का?

टॉलस्टॉय माणसाचं स्वातंत्र्यच नाकारतो, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. निदान कादंबरी तरी तसं म्हणत नाही.

तिसऱ्या खंडाच्या सुरुवातीला तो युद्धाची कारणं एकेक करून मांडतो. ओल्डेनबुर्गच्या ड्यूकवर झालेला अन्याय, इंग्लंडविरुद्धची व्यापारबंदी, नेपोलियनची महत्त्वाकांक्षा, झार अलेक्झांडरचा ताठा, मुत्सद्द्यांच्या चुका. इतिहासकार सांगतात तीच ही यादी. आणि मग तो वळतो एका बिननावाच्या फ्रेंच कॉर्पोरलकडे. या कॉर्पोरलने सैन्यात पुन्हा नाव नोंदवायला नकार दिला असता, दुसऱ्याने दिला असता, तिसऱ्याने, हजाराव्याने दिला असता, तर नेपोलियनकडे तेवढे सैनिक कमी असते आणि युद्ध होऊच शकलं नसतं. म्हणजे नेपोलियनची इच्छा जेवढं कारण, तेवढंच कॉर्पोरलची इच्छाही कारण. ज्या युक्तिवादाने सम्राटाच्या हातातून इतिहास काढून घेतला जातो, त्याच युक्तिवादाने तो लाखो साध्या माणसांत वाटला जातो. ‘इतिहासाचा रेटा’ म्हणून जे आपण म्हणतो तो टॉलस्टॉयच्या लेखी आभाळातून पडत नाही. असंख्य बारीक इच्छा एकत्र येतात आणि त्यांचा रेटा होतो. म्हणूनच पुढे तो गणितातलं कलनशास्त्र आठवतो आणि म्हणतो, इतिहासाचा अतिसूक्ष्म अंश, म्हणजे माणसांच्या एकसारख्या ओढी, धरा आणि त्यांची बेरीज करायला शिका, तरच नियम सापडतील.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मॉस्को सोडणाऱ्या लोकांचं आहे. जून महिन्यातच एक श्रीमंत बाई आपले हबशी नोकर आणि विदूषकिणी घेऊन मॉस्कोहून सारातोव्हकडच्या गावी निघून जाते. गव्हर्नर रस्तोप्चिन आपल्याला अडवेल या भीतीने ती धास्तावलेली आहे. देशासाठी काही करतोय असं तिच्या मनातही नाही. ‘आपण काही बोनापार्टच्या चाकर नाही’ एवढीच एक अंधूक जाणीव तिला आहे. टॉलस्टॉय म्हणतो, रशियाला ज्या थोर कामाने वाचवलं, ते काम हीच बाई अगदी साधेपणाने करत होती. मॉस्को रिकामी झाली, रिकामी म्हणून जळाली, आणि फ्रेंच सैन्याला तिथे राहता येईना. कुणी योजना आखली नव्हती, प्रत्येकाने आपापलं घर सोडलं एवढंच. यात माणसाचा निर्णय क्षुद्र ठरतो की मोठा? मला तरी तो फार मोठा झालेला दिसतो.

उलट मॉस्कोजवळच्या बोरोदिनोच्या लढाईत नेपोलियन पाहा. त्याला सर्दी झाली आहे. टेकडीवरून त्याला धुराशिवाय फारसं काही दिसत नाही. स्वार घोडा फेकत निरोप आणतात, पण निरोप पोहोचेपर्यंत रणांगणावरची परिस्थिती पालटलेली असते. लढाईसाठी त्याने लिहून दिलेल्या आज्ञांपैकी एकही अमलात आली नाही, असं टॉलस्टॉय कलमवार दाखवून देतो. सेवास्तोपोलच्या वेढ्यात तो स्वतः तोफखान्याचा अधिकारी होता, आणि ही लढाई लिहिण्यासाठी १८६७ साली तो बोरोदिनोचं मैदानही फिरून आला होता, त्यामुळे या पानांना पुस्तकी वास येत नाही. माणूस जितका वरच्या पायरीवर, तितका तो जास्त लोकांशी बांधलेला आणि तितका कमी मोकळा, हे त्याचं सूत्र इथे डोळ्यांना दिसतं.

मोकळीक उरते ती हाताच्या अंतरावर. रस्तोवांच्या, म्हणजे नताशाच्या घरच्यांच्या, वाड्यात सामान भरलेल्या गाड्या निघायच्या तयारीत आहेत. अंगणात जखमी सैनिक गाड्यांवर जागा मागतायत. नताशाचे वडील, म्हणजे काउंट, विरघळतात, पण बायकोपुढे त्यांचं चालत नाही. घर आधीच कर्जात आहे, मुलांचं उरलंसुरलं तेवढं सामानच आहे, असं ती म्हणते, आणि तिचं म्हणणं खोटंही नाही. त्याच वेळी जावई बेर्ग येतो तो कशासाठी, तर स्वस्तात मिळालेलं एक छोटं कपाट आणायला एक माणूस हवा म्हणून! नताशा हे पाहते आणि आईवर अक्षरशः फुटते. गाड्या रिकाम्या होतात, जखमींना जागा मिळते. त्या जखमींत तिने दुखावलेला आंद्रे, तिचा पूर्वीचा वाग्दत्त वर, आहे, हे तिला तेव्हा ठाऊकही नसतं. पुढे त्यांची भेट होते, ती समेट करतात, आणि हे सगळं ज्या निर्णयातून आलं त्यामागे कसलाही हिशेब नव्हता. मॉस्को जाणार की राहणार हे नताशाच्या हातात नाही. गाडीवर चिनी मातीची भांडी राहणार की माणूस, हे मात्र आहे.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला दुसऱ्या दोन माणसांत दिसतं, आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. रशियन सरसेनापती कुतुझोव आणि मॉस्कोचा गव्हर्नर रस्तोप्चिन. मॉस्को वाचवणं दोघांनाही शक्य नाही. त्या अर्थी दोघांचंही काम इतिहासाने आधीच ठरवून टाकलेलं आहे. फरक पडतो तो पुढे.

फिली गावातल्या एका शेतकऱ्याच्या खोपटात सेनापतींची बैठक भरते. भट्टीच्या माळ्यावरून सहा वर्षांची मालाशा हे सगळं पाहते आहे, आणि तिच्या लेखी हे भांडण आहे ‘आजोबा’ आणि ‘लांब कोटवाला’ यांच्यातलं. लांब कोटवाला म्हणजे बेनिग्सेन, ज्याला लढायचं आहे. बैठकीच्या शेवटी कुतुझोव म्हणतो की फुटलेल्या भांड्यांची भरपाई मलाच करावी लागणार, आणि माघारीचा हुकूम देतो. रात्री एकटा बसून तो स्वतःलाच विचारत राहतो: मॉस्को सोडायचं नेमकं ठरलं कधी? कुठल्या क्षणी? दोष कुणाचा? परिस्थितीने ते कधीच ठरवून टाकलेलं होतं हे त्याला कळतं, तरी हुकमावर नाव तो आपलंच घालतो.

आता रस्तोप्चिन. आपण शहराचे कर्तेधर्ते आहोत असं त्याला वाटतं, आणि लोक तर त्याला न विचारताच निघून गेलेत. वाड्याबाहेर संतापलेला जमाव जमतो. रस्तोप्चिन वेरेशागिन नावाच्या तरुण कैद्याला बाहेर आणवतो. फितुरीचा आरोप असलेला हा पोरगा, बारीक मानेचा, पायांत बेड्या. ‘याच्यामुळे मॉस्को बुडाली’ असं सांगून गव्हर्नर त्याला जमावाच्या हवाली करतो. ‘काउंट, आपल्या सगळ्यांच्या वर देव एकच आहे,’ एवढं तो मुलगा म्हणू शकतो. पुढचं वर्णन मी इथे सांगणार नाही, ते टॉलस्टॉयकडूनच वाचावं. रस्तोप्चिन मागच्या दाराने गाडीत बसून निघतो आणि वाटेत त्याला एक विचार सापडतो, ज्याने त्याचं मन शांत होतं: मी हे माझ्यासाठी केलं नाही, लोकहितासाठी केलं, माझ्या पदावरच्या माणसाला हे करणं भागच होतं. इथे टॉलस्टॉय थांबतो आणि म्हणतो, माणसं एकमेकांना मारू लागल्यापासून असा गुन्हा करणाऱ्या प्रत्येकाने हाच विचार करून स्वतःचं समाधान केलेलं आहे.

म्हणजे इतिहासाच्या रेट्याबद्दल सगळ्यात आग्रहाने बोलणारा लेखक, त्या रेट्याची सबब पुढे करणाऱ्या माणसाला सगळ्यात कठोरपणे दोषी ठरवतो. राजकारणात ‘काळाची गरज होती’ हे वाक्य मी ऐकतो तेव्हा मला दरवेळी ही गाडी दिसते.

टॉलस्टॉयशी माझं भांडण आहे ते इथेच. दुसऱ्या उपसंहारात, म्हणजे त्या शेवटच्या तत्त्वचिंतनात, तो लिहितो की एखाद्या कृतीला जितका काळ लोटतो, तितकी ती कमी स्वतंत्र आणि जास्त अटळ भासते. युक्तिवाद म्हणून हे सुबक आहे. पण रस्तोप्चिनच्या प्रकरणात तो नेमकं उलट सांगतो: ती आठवण आज ताजी आहे, पण ती पुसली जाणार नाही, जसजसा काळ जाईल तसतशी ती जास्त क्रूरपणे छळेल. काळ लोटल्यावर कृती अटळ वाटत असेल, तर पश्चात्ताप वाढेल कसा? तत्त्वज्ञ टॉलस्टॉय बाहेरून, वर्षांच्या अंतरावरून पाहतो. कादंबरीकार टॉलस्टॉय त्या गाडीत रस्तोप्चिनच्या शेजारी बसलेला असतो. मी कादंबरीकारावर विश्वास ठेवतो.

हा प्रश्न एकट्या टॉलस्टॉयला छळत नव्हता. १८६६ साली मॉस्कोच्या ‘रूस्की वेस्तनिक’ मासिकात त्याच्या या कादंबरीचे सुरुवातीचे भाग येत होते, आणि त्याच वर्षी तिथेच दोस्तोयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ही छापली जात होती. तिथला रास्कोल्निकोव्ह नेपोलियनकडे पाहून ठरवतो की असामान्य माणसाला रक्त सांडण्याची मुभा असते. एका टोकाला ‘मी इतिहास घडवतो’, दुसऱ्या टोकाला ‘इतिहासाने माझ्याकडून करवून घेतलं’, आणि दोन्हीकडे एक प्रेत पडलेलं. त्याच्या तीस वर्षं आधी, १८३६ साली, पुश्किनने ‘कप्तानाची मुलगी’ लिहिली. हिमवादळात वाट दाखवणाऱ्या एका अनोळखी माणसाला तरुण ग्रिन्योव ससाच्या कातड्याचा कोट देऊन टाकतो. तो माणूस निघतो बंडखोर पुगाचोव, आणि पुढे फासाच्या दोरापाशी तोच कोट ग्रिन्योवला तारतो. तरीही ‘माझी चाकरी कर’ म्हटल्यावर ग्रिन्योव त्याला तोंडावर नाही म्हणतो, कारण शपथ राणीची घेतलेली आहे. छोटी कादंबरी आहे, दोन-तीन बैठकींत संपते. टॉलस्टॉयआधी ती वाचलीत तर फार बरं.

शेवटचं तत्त्वचिंतन वगळावं का? १८७३च्या आवृत्तीत खुद्द टॉलस्टॉयनेच अशी बरीचशी प्रकरणं कथेतून काढून शेवटी परिशिष्टात टाकली होती, त्यामुळे वगळणारा काही पाप करत नाही. तरी मी म्हणेन, वगळू नका, पण ते कशानंतर येतं ते पाहून वाचा. त्याच्या जरा आधी, डिसेंबर १८२०मध्ये, पियेर पीटर्सबर्गहून परत आला आहे आणि सरकारविरुद्ध संघटना उभारण्याच्या गोष्टी बोलतो आहे. मेहुणा निकोलाय त्याला सांगतो की मला हुकूम झाला तर मी पलटण घेऊन तुमच्यावर चालून येईन, क्षणभरही विचार करणार नाही. पाचच वर्षांनी, डिसेंबर १८२५मध्ये, पीटर्सबर्गला उठाव झाला, तोफा चालल्या, पाच जणांना फाशी झाली आणि सुमारे शंभर जण सैबेरियात गेले, हे त्या वेळच्या रशियन वाचकाला माहीत होतं. टॉलस्टॉयची मूळ कल्पनाच मुळी १८५६ साली सैबेरियातून परतणाऱ्या अशा एका बंडखोराची गोष्ट लिहिण्याची होती. तिचं मूळ शोधत तो मागे मागे १८०५पर्यंत गेला. पियेरला यातलं काहीच ठाऊक नाही. तो त्याच्या परीने योग्य वाटेल ते ठरवतो आहे, आणि त्यापुढच्याच भागात लेखक स्वातंत्र्य आणि अटळता यांचा हिशेब मांडायला बसतो.

तो भाग वाचताना तिसऱ्या खंडाच्या तिसऱ्या भागातलं पंचविसावं प्रकरण शेजारी उघडं ठेवा. काही इंग्रजी आवृत्त्यांत हा भाग ‘अकरावं पुस्तक’ म्हणून येतो. वेरेशागिनचा प्रसंग, ती गाडी आणि याउझा नदीच्या पुलावर रस्तोप्चिन आणि कुतुझोव यांची समोरासमोर गाठ, हे सगळं त्याच एका प्रकरणात आहे.