वाचकांचे प्रश्न : मोबाइल येतो, कॉम्प्युटर येत नाही

प्रश्न : कोयना धरणात गाव गेलेल्या कुटुंबांतली मुले आमच्या पुनर्वसित गावठाणात राहतात. बारावी झालेली, मोबाइलवर तरबेज, पण ऑफिसकाम जमत नाही. एकच जुना लॅपटॉप आहे. सुरुवात कशाने करू? (पाटण, जि. सातारा)

उत्तर : मराठी टायपिंगने, आणि तेही युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर तशीच दिसणाऱ्या अक्षरांत. जुन्या फॉन्टमध्ये केलेला अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चुराडा होतो. विंडोजच्या सेटिंग्जमधून मराठी भाषा जोडा. विंडोज कळ आणि स्पेस एकत्र दाबली की कीबोर्ड बदलतो. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या. ‘दुसऱ्या’ लिहिताना मुले साधा र घेतात, मग रफार होऊन ‘दुसर्या’ उमटते. तिथे शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ.

लॅपटॉप एक असला तरी प्रत्येकाला रोज सलग अर्धा तास द्या. आठवड्यातून एकदा तीन तास बसवून बोटे वळत नाहीत. सरकारी लिपिक-टंकलेखक पदाला मराठीत मिनिटाला ३० शब्दांचे प्रमाणपत्र लागते, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

मग एक्सेल. खाते क्रमांक भरण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करायला लावा. नाहीतर सुरुवातीची शून्ये गळतात आणि पंधराव्या अंकानंतर सगळी शून्येच होतात. अशा एका चुकीने कुणाचे तरी अनुदान अडकते. म्हणून यावर घाई नको, भरलेली यादी दुसऱ्या मुलाकडून ताडून घ्या.

ईमेल, पीडीएफ दोन दिवसांत येते.