रविवारी मुलांना कुठं सोपवायचं?

प्रश्न : वकीलताईंना नमस्कार. माझं माहेर कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, लग्न झालं होतं महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. दारू आणि मारहाण सोसवेना म्हणून दोन वर्षांपूर्वी बेळगावच्या कोर्टात संमतीनं घटस्फोट घेतला. मुलगा ८ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची, दोघंही माझ्याकडं. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी वडिलांनी सकाळी न्यायचं आणि संध्याकाळी आणून सोडायचं, असं कोर्टात ठरलं. पण बसथांब्यावर तो मुलांसमोर शिव्या घालतो, एकदा मला ढकलून दिलं. दिवाळीत मुलाला नेलं ते ९ दिवसांनी आणलं. शनिवार आला की पोरगं जेवत नाही, रात्री अंथरूण ओलं करतं. आता त्यानं कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कोर्टात ताब्याचा अर्ज टाकलाय, नोटीस आली आहे. दादा म्हणतो, तिकडं फिरकायचंच नाही आणि पोरंही पाठवायची नाहीत. ओळखीचे म्हणतात, लहान पोरं आईलाच मिळतात, घाबरू नको. मी काय करू?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील, म्हणून तुला ‘तू’च म्हणते.

शनिवार आला की पोरगं जेवत नाही, हे तुझं वाक्य मी कितीदा तरी वाचलं. १९८४ साली मी ९ वर्षांची होते. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला, वडील कागलला. महिन्यातून एकदा निपाणीच्या स्टँडवर आई मला वडिलांच्या स्वाधीन करायची. तिच्या लुगड्याला वखारीचा वास असायचा, आणि तो मागं सुटला की माझ्या पोटात गोळा यायचा. दोघांचं तिथंच जुंपायचं, लोक बघत उभे राहायचे, आणि मी कापडी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहायची. आई वेगळी राहायला लागली तशी मारहाण थांबली, असं सगळे समजून चालले होते. ती फक्त घरातून उठून स्टँडवर आली होती. म्हणून आजही ताब्याचं प्रकरण आलं की मी आधी हेच विचारते, मुलं कुठं सोपवली जातात आणि त्या वेळी तिथं कोण असतं?

पण आधी ती नोटीस. इथं दादाचं ऐकू नकोस. तू गेलीच नाहीस तर तुझं म्हणणं न ऐकता एकतर्फी हुकूम होऊ शकतो. हजर राहायचं आणि पहिल्याच तारखेला लेखी हरकत घ्यायची. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम ९ प्रमाणे असा अर्ज मूल नेहमी जिथं राहतं तिथल्या कोर्टात चालतो, आणि तुझी मुलं खानापूर तालुक्यात राहतात. शाळेचा दाखला, अंगणवाडीतली नोंद, लसीकरणाचं कार्ड, रेशन कार्ड, सगळं एका पिशवीत भरून वकिलाकडं ने. एका राज्यातला दिवाणी दावा दुसऱ्या राज्यात वर्ग करायचा असेल तर सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं. तो रस्ता लांबचा आहे. आधी ही हरकत.

‘आईलाच मिळतात’ यावरही विसंबू नकोस. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात आहे ते एवढंच, की ५ वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडं असावा. म्हणजे मुलीच्या बाबतीत तुला थोडा आधार आहे. मुलाच्या बाबतीत मात्र त्याचं हित कशात आहे एवढंच पाहिलं जाईल, आणि ते तुला कागदानिशी दाखवावं लागेल.

खरी अडचण इथंच आहे. संमतीच्या घटस्फोटात ‘स्वभाव जुळत नाहीत’ असं लिहून मोकळं होतात. मारहाणीबद्दल त्यात अक्षर नसतं. तुझंही तसंच झालं असणार. त्यामुळं न्यायाधीशांसमोरच्या फायलीत तुम्ही दोघं समजुतीनं वेगळी झालेली दोन शहाणी माणसं आहात. तुझ्या अंगावरचे वळ त्या फायलीत नाहीत. मारहाणीचं प्रकरण एका कोर्टात आणि मुलांचं दुसऱ्या, एकाचा कागद दुसरीकडं पोचलेलाच नाही, हे मी पुष्कळ बायकांच्या बाबतीत पाहिलंय. आपोआप तो पोचत नाही. आपणच नेऊन ठेवावा लागतो.

त्यासाठी दोन अर्ज लागतील. पहिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, खानापूरच्या दंडाधिकाऱ्यांकडं. घटस्फोट झाला म्हणून हा दरवाजा बंद होत नाही, आणि तू राहतेस तिथंच अर्ज करता येतो. बसथांब्यावरची धक्काबुक्की त्यात तारखेसह लिही. कलम १८ प्रमाणे संरक्षणाचा हुकूम माग, तो मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम २१ तर नीट वाचून घे. वडिलांची भेट मुलाच्या हिताला बाधक आहे असं दंडाधिकाऱ्यांचं मत झालं, तर त्यांनी ती नाकारायचीच आहे. अर्ज चालू असताना तात्पुरता हुकूमही मिळतो. आपल्या तालुक्यात संरक्षण अधिकाऱ्याचं काम महिला व बालविकास खात्याच्या सीडीपीओंकडं, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडं, असतं, त्यांची कचेरी अंगणवाडीतल्या ताई दाखवतील.

दुसरा अर्ज बेळगावच्या त्याच कोर्टात, जिथं रविवारचं ठरलं. मुलांबद्दलच्या अटी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली नंतरही बदलून घेता येतात. या अर्जाला पहिल्या अर्जाची नक्कल जोड. कोल्हापूरकडच्या कोर्टातही तीच दाखल कर.

अर्जात मोघम ‘भेट बंद करा’ एवढंच लिहू नकोस. भेट अजिबातच नको असं म्हणणं असेल तर कारणं दे, आणि ते मान्य झालं नाही तर काय हवं तेही बारकाईनं लिही. मुक्काम नको. भेट कोर्टाच्या आवारात किंवा कोर्ट ठरवेल त्या माणसाच्या देखरेखीखाली, ठरल्या वेळेत व्हावी. मुलांना पोचवायला आणि आणायला तू नाही, दोघांनाही मान्य असलेलं तिसरं माणूस जाईल, आणि तुम्हा दोघांच्या वेळात अर्ध्या तासाचं अंतर राहील. दारू पिऊन आला तर त्या दिवशीची भेट रद्द. फोनवर बोलणं आठवड्यातून ठरल्या वेळी, मुलांशीच, तुला निरोप देण्यासाठी नाही. माझ्या आईला कोणी एवढं जरी सांगितलं असतं तरी ते स्टँडवरचे रविवार मला भोगावे लागले नसते.

हुकूम बदलेपर्यंत काय? आपल्या मनानं मुलं पाठवायची बंद केलीस तर त्याच्या हाती आयतं कोलीत देशील. ‘आई भेटू देत नाही’ हे त्याच्या अर्जातलं पहिलं वाक्य असेल. म्हणून अर्ज तातडीचा कर, पुढच्या रविवारच्या आत. पण तो झिंगून मोटारसायकल घेऊन आला, तर मूल त्या गाडीवर बसवायचं नाही, कोर्टाचा हुकूम असला तरीही. ११२ ला फोन कर, त्याच दिवशी ठाण्यात लेखी दे, पोच घे आणि दुसऱ्या दिवशी वकिलामार्फत कोर्टाला कळव. ठाण्यातला कागद कन्नडमध्ये असेल. कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नकोस.

एक वही घाल. तारीख, वेळ, काय घडलं, तिथं कोण होतं. मुलगा जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिही, आपला अर्थ जोडू नकोस. मुलांच्या वडिलांचे धमकीचे मेसेज आले असतील तर ज्या फोनवर आले तो फोन विकू नकोस की बदलू नकोस. मेसेज मराठीत असतील तर कोर्टासाठी त्यांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर आत्ताच करून ठेव. अंथरूण ओलं होतंय ते डॉक्टरांना दाखव. उपचारासाठी दाखव, पुराव्यासाठी नव्हे. पण कागद जपून ठेव.

आणि मुलाला उलटसुलट विचारू नकोस. रविवारी परतला की आधी जेवू घाल. स्वतःहून बोलला तर ऐक. मात्र कोणी अंगाला नको तसा हात लावला असं तो सांगू लागला, तर थांबू नकोस, मुलांच्या मदतीच्या १०९८ या नंबरला किंवा पोलिसांना लगेच कळव. न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून विचारू शकतात. त्याला उत्तरं पढवलीस तर ते ओळखलं जातं, आणि ‘आईनं कान भरले’ म्हणायला वडिलांना जागा मिळते. पोरगं मराठी शाळेत शिकत असेल, तर समुपदेशक मराठी जाणणारा मिळावा असा अर्ज आधीच दे. मला विचारलं होतं तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसले. विचारणाऱ्या साहेबांची भाषा मला कळत नव्हती, आणि माझं गप्प राहणं म्हणजे होकार असं त्यांनी लिहून घेतलं.

वकिलाच्या पैशांची काळजी असेल तर मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या नंबरला फोन कर किंवा तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रीला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. तारखेला बेळगावला जाताना आधार कार्ड जवळ ठेव, कर्नाटकाच्या साध्या बसला तुला तिकीट पडत नाही.

प्रश्न : आमच्या सरकारी मराठी शाळेत मधल्या सुट्टीत एका मुलीचे वडील तिला न्यायला आले. आई-वडील वेगळे राहतात. मुलगी शिक्षिकेच्या मागं लपली. आम्ही काय करायला हवं होतं?
– एक मुख्याध्यापक, बेळगाव तालुका

उत्तर : सर, कोर्टाचा हुकूम नसेल तर ताबा कोणाचा हे शाळेनं ठरवायचं नाही. पण शाळा सुटेपर्यंत ती मुलगी तुमच्या जबाबदारीवर आहे. मधूनच कोणालाही नेऊ देऊ नका, वडील असले तरी. ज्यांच्याकडं मूल राहतं त्यांना फोन करा, आलेल्या माणसाचं नाव आणि वेळ वहीत लिहा. ती लपली हेही लिहा, त्याच दिवशी, शिक्षिकेच्या सहीनं. वडील आवाज चढवू लागले तर ११२, आणि मुलीची भीती रोजची दिसली तर १०९८. वरच्या पत्रातल्या ताईंना हुकूम मिळाला की त्याची नक्कल त्या आपल्या मुलांच्या शाळेत नेऊन देतील, त्यांना मी तसं कळवते आहे. अशी नक्कल तुमच्याकडं आली तर कपाटात ठेवू नका. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत तिची चर्चाही नको. मुलीला कोणी न्यायचं ती नावं वर्गशिक्षिकेला आणि फाटकावरच्या माणसाला सांगा, त्यांना एवढंच कळलं की पुरे.