दीड लाखाचा प्रश्न, चोवीस लाखांचा ता. क.

प्रश्न : वय 56, साठाव्या वर्षी निवृत्ती. कोथरूडला स्वतःचा फ्लॅट. शेजारच्या बंगल्याच्या प्लॉटवर महापालिकेने बारा मजल्यांना परवानगी दिली आहे. त्याविरुद्ध सोसायटीतले सोळा सभासद उच्च न्यायालयात जाणार, वर्गणी प्रत्येकी दीड लाख. द्यावी का?
ता. क. वाघोलीकडे प्री-लाँचमध्ये 80 लाखांचा फ्लॅट बुक केलाय. 24 लाख दिले, त्यात 4 लाख रोख. 15 लाख राहत्या घरावरच्या टॉप-अप कर्जातून. करारनामा व्हायचा आहे. पर्यावरण मंजुरीविरुद्ध कुणीतरी हरित लवादात गेल्याने काम थांबलंय. ताब्यापर्यंत बिल्डरकडून दरमहा 15 हजार भाडं मिळणार होतं, ते पाच महिन्यांनी बंद झालं. एजंट म्हणतो, दोन महिन्यांत निकाल आहे.

उत्तर : वर्गणीचं आधी उरकतो. उजेड गेला, वारा अडला, एवढ्यावर परवानगी रद्द होत नाही. रस्त्याची रुंदी, सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंग, अग्निशमन यांपैकी नेमका कुठला नियम मोडलाय ते दाखवावं लागतं. त्यासाठी मंजूर नकाशा हवा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. तो केलाय का?

नगररचना कायद्याच्या कलम 47 मधलं अपील परवानगी मागणाऱ्यासाठी आहे, शेजाऱ्यासाठी नाही. म्हणून थेट उच्च न्यायालयात रिट याचिका, आणि तीही मुंबईला. कलम 51 खाली महापालिका स्वतः परवानगी मागे घेऊ शकते, पण बांधकाम बरंच पुढे गेल्यावर नाही. न्यायालयही उशिरा आलेल्याला आधी उशिराचंच कारण विचारतं. नोएडाच्या जुळ्या टॉवरवाल्या शेजाऱ्यांनी 2012 मध्ये याचिका केली, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2021 मध्ये आला आणि टॉवर 2022 मध्ये पडले. रहिवासी संघाला खर्चापोटी 2 कोटी मंजूर झाले, आणि संघात घरं शेकडो. जिंकलात तरी पैसे परत येतील असं धरू नका. नकाशा पाहून वकिलाने नियमभंग लेखी दाखवला, तर माझ्या मते 50 हजारांपर्यंत द्या, त्यापुढे नाही.

आता ता. क.

तुम्ही कोथरूडला परवानगी अडवायला निघालात आणि वाघोलीत दुसऱ्या कुणीतरी तेच केल्यामुळे अडकलात. तिथल्या निकालाची तारीख एजंटच्या हातात नाही. लवादाच्या निकालावर 90 दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं, आणि हरलेली बाजू ते करणारच असं धरून चाला. 'दोन महिने' हे एजंटचं पेटंट वाक्य आहे.

रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायदा, त्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डर दहा टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. म्हणजे 8 लाख. तुम्ही 24 दिलेत. रेरा नोंदणीआधी बुकिंग घेणंच बेकायदा आहे, त्यामुळे 'प्री-लाँच' ऐकल्यावरच उठायला हवं होतं. आणि ते भाडं? 24 लाखांची सात टक्क्यांनी एफडी केली असती तर महिन्याला 14 हजार आलेच असते. तुमचेच पैसे तुम्हाला परत देऊन त्याला भाडं म्हणायचं, आणि तेही 75 हजारांवर आटपलं! असल्या योजना विकणाऱ्यांना माझ्या ऑफिसात चहासुद्धा मिळत नाही.

टॉप-अपचा हप्ता नऊ टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी धरला तर 19 हजारांच्या आसपास. निवृत्तीच्या दिवशी साडेदहा लाख शिल्लक असतील आणि गहाण असेल कोथरूडचं घर. खरा धोका हा आहे, शेजारचे बारा मजले नव्हेत.

या आठवड्यात महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी पाहा. असेल तर दाव्यांची माहितीही तिथेच सापडायला हवी. पावत्या, जाहिरातीचं पत्रक, एजंटचे व्हॉट्सअॅप संदेश, सगळं एका फाइलीत ठेवा. मग लेखी परतावा मागा. ताब्याला उशीर झाला म्हणून पैसे मागायचे तर रेराचं कलम 18, पण करारनाम्याशिवाय ताब्याची तारीखच कुठे लिहिलेली नाही. म्हणून कलम 12, म्हणजे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर भरवसा ठेवून पैसे दिले, आणि कलम 13, म्हणजे दहा टक्क्यांची मर्यादा, यांवर भर द्या. व्याजदर नियमात ठरलेला आहे : स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधार-दर) अधिक दोन टक्के. कागदावर वर्षाला दोन लाखांच्या वर दिसेल, पण वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि ती रखडते. ते व्याज निवृत्तीच्या हिशेबात धरू नका. मुद्दल आलं की आधी टॉप-अप फेडा.

रोख 4 लाखांची पावती नसेल. स्थावर मालमत्तेसाठी 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख आगाऊ घेणाऱ्याला प्राप्तिकर कायद्याने तेवढाच दंड आहे, पण तुम्ही दिले हे सिद्ध कशाने करणार? परताव्याच्या हिशेबात 20 लाखच धरा. एजंटशी व्हॉट्सअॅपवर त्या 4 लाखांचा उल्लेख झाला असेल, तर तो आज रात्रीच जपून ठेवा, उद्या गायब होईल.