निवृत्तीचे १२ लाख भागीदारीतल्या भाड्याच्या इमारतीत घालावेत का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: निवृत्तीच्या पैशांतले १२ लाख हातात आहेत, एक एजंट पुण्यातल्या ऑफिस इमारतीत हिस्सा घ्या म्हणतोय, वर्षाला ९ टक्के भाडं सांगतोय. घालू का?

मी लातूरचा. २०१३ साली मी, मेहुणा आणि दोन मित्र, चौघांनी वीस-वीस लाख घालून क्लासेसच्या भागात वीस खोल्यांची इमारत घेतली. बीड, परभणी, हिंगोलीची पोरं शिकायला येतात, खोली कशाला रिकामी राहतेय, हा आमचा हिशोब. खोलीला महिना ३,००० म्हणजे वर्षाचे ७ लाख २० हजार. ८० लाखांवर बरोब्बर ९ टक्के. तुमच्या एजंटचाच आकडा!

पण पोरं राहतात दहा महिने. म्हणजे ६ लाख. त्यातून राखणदाराचे ९६ हजार, घरपट्टी, लाईट, मोटार, रंगरंगोटी मिळून आणखी सव्वा लाखाच्या आसपास. उरले पावणेचार लाख. पावणेपाच टक्केही धड नाहीत. शिवाय २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा आमचं बरंचसं भाडं टँकरवाल्याच्या खिशात गेलं. मार्च २०२० मध्ये पोरं गाद्या तशाच टाकून गावी गेली, ती लवकर परतलीच नाहीत. घरपट्टी मात्र वेळेवर आली.

एवढं सगळं सोसता येतं. खरी अडचण वेगळीच निघाली. मेहुण्याच्या मुलीचं लग्न ठरलं, त्याला हिस्सा मोकळा करायचा होता. एक गिऱ्हाईक आलं, इसार द्यायच्या बेतात होतं. जिन्यात उभं राहून त्याने विचारलं, "यातल्या माझ्या पाच खोल्या कोणत्या?" आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो गेला तो गेलाच. कोर्टात वाटणीचा दावा लावता येतो, पण लग्नाची तारीख कोर्टासाठी थांबत नाही. शेवटी आम्ही तिघांनी तो हिस्सा १७ लाखांना घेतला. मेहुणा अजून बोलतो, पण पूर्वीसारखा नाही.

म्हणून एजंटला टक्के नंतर विचारा. आधी विचारा, मला पैसे लागले तर माझा हिस्सा कोण घेणार, किती दिवसांत? इमारतीत भाडेकरू एकच आहे का, त्याचा लॉक-इन, म्हणजे जागा सोडता येत नाही असा काळ, किती उरलाय? तो गेल्यावर रिकाम्या महिन्यांची झळ कोण सोसणार? ९ टक्के हे योजना चालवणाऱ्या कंपनीची फी कापून की त्याआधी? आणि कागदावर तुमचं नाव कशात येणार? बऱ्याचदा खरेदीखत एखाद्या एलएलपीच्या (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) किंवा कंपनीच्या नावे असतं, तुम्ही फक्त तिचे भागीदार किंवा भागधारक.

अशा योजनांसाठी सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, मार्च २०२४ मध्ये एसएम रीटचे नियम आणले. रीट म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारती घेणारी योजना, एसएम म्हणजे त्यातली छोटी-मध्यम. मालमत्ता ५० कोटींपासून ५०० कोटींच्या आतली, किमान २०० गुंतवणूकदार, किमान रक्कम १० लाख, आणि ९५ टक्के पैसा तयार, भाडं देणाऱ्या इमारतीतच. तुमची योजना सेबीकडे नोंदलेली नसेल तर पुढे बोलूच नका. नोंदलेली असली तरी १२ पैकी १० लाख एकाच इमारतीत! तुमच्या वयात मी हे करणार नाही.

भाड्याचीच हौस असेल तर शेअर बाजारातली मोठी रीट बघा. एम्बसी, माइंडस्पेस वगैरे. शेअर ठेवायचं डीमॅट खातं लागतं, पण एक युनिटही, म्हणजे रीटचा सगळ्यात छोटा हिस्साही, घेता येतं, बाजार चालू असेल त्या दिवशी विकता येतं. वाटपायोग्य रकमेतला किमान ९० टक्के भाग त्यांना वाटावाच लागतो आणि पैसा अनेक इमारतींत, अनेक भाडेकरूंत विखुरलेला असतो. युनिटचा भाव मात्र खालीवर होतो, घाईत विकलं तर तोटा होऊ शकतो. मी स्वतः दीड-दोन लाखांपुढे गेलो नसतो. उरलेले मुदत ठेवीत आणि पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत.

एजंट "हिस्सा आम्हीच परत घेऊ" म्हणाला, तर ते करारात कुठल्या कलमात लिहिलंय आणि कोणत्या भावाने, ते दाखवायला सांगा.